वजनावरून बोलणी आणि रात्रीचं लपून खाणं: घरच्यांना थांबवायचं कसं?

रानजाई
वय ४३, पुणे, नोकरी, दोन मुलं. वजन शाळेपासून जास्त. गेल्या वर्षी एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर', म्हणजे खाण्यावरचा ताबा सुटण्याचा आजार, असल्याचं सांगितलं. त्याआधी कित्येक डॉक्टर, आहारतज्ज्ञ, जिम, काढे, पावडरी झाल्या. काय खाता, हे प्रत्येकाने विचारलं. कधी खाता, कसं खाता, तेव्हा घरात कोण असतं, हे विचारणारी ही पहिलीच बाई.

माझं खाणं असं होतं. दिवसभर तोलूनमापून. डब्यात काकडी, मोड आलेले मूग. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केक कापून सगळ्यांना वाटायचं काम मी आपणहून घ्यायची, म्हणजे माझ्या हातात प्लेट नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी उभं राहून उरलेल्या पोळ्या तूपसाखर लावून, मुलांची बिस्किटं, चिवडा, फ्रीजमधला गार भात. चव लागत नाही. थांबावंसं वाटतं, हात थांबत नाही. पोट दुखायला लागेपर्यंत. मग रिकामं पाकीट कचऱ्याच्या पिशवीत तळाशी दाबायचं आणि सकाळी मुलं उठायच्या आत तसंच दुसरं आणून डब्यात ठेवायचं. नवऱ्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात खाल्लं काय, तिसऱ्यात त्या दिवशी काय घडलं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा कुणाचं तरी बोलणं निघालं. दुकानातली मुलगी माप न घेताच म्हणाली, "तुमच्यात नाही येणार." शेअर रिक्षावाला सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तुम्ही पुढच्या रिक्षाने या." गुडघ्यासाठी गेले तर डॉक्टरांनी गुडघ्याला हात न लावता "आधी वीस किलो उतरवा" म्हणून चिठ्ठी लिहिली. आणि सगळ्यात जास्त वेळा आई.

लाज वाटली की माणूस सुधारतो, असं आपल्याकडे सगळ्यांना मनापासून वाटतं. मी लाजेत वाढले, आणि लाजेने मला फक्त लपून खायला शिकवलं.

प्रश्न असा. मे महिन्यात भाचीचं लग्न आहे. चार दिवस सगळे एका छताखाली: आई, दोन मावश्या, आत्या. त्यांचा जीव आहे माझ्यावर, यात शंका नाही. पण पंगतीत "तुला एकच जिलबी हं" असं मोठ्याने होणार, फोटो काढताना "तू मागे उभी राहा" होणार. आजाराचं नाव सांगू का त्यांना? तुमच्यापैकी कुणी घरात हे बोलणं थांबवू शकलंय का?

अबोली_७९
तिसरा रकाना वाचून थांबले. सवडीने लिहिते. हे लिहिलंस, फार बरं केलंस.

पक्का_सोलापुरी
ताई, तुमचा त्रास खरा आहे, त्यावर प्रश्न नाही. पण दुसरी बाजूही मांडतो. माझ्या वडिलांना बावीस वर्षं मधुमेह, एका पायाचा अंगठा काढावा लागला. आम्ही घरचे बोलायचो नाही, वाईट वाटेल म्हणून. आज वाटतं, बोलायला हवं होतं. वजन वाढलं की साखर, बीपी, गुडघे, सगळं मागे लागतं. घरचे नाही बोलणार तर कोण बोलणार? थोडं मनाला लागल्याशिवाय माणूस हलत नाही.

चौथी_सीट
रिक्षाचं वाचलं आणि डोंबिवली-दादर आठवलं. मुंबईबाहेरच्यांसाठी: लोकलच्या बाकावर तिघींची जागा, चौथी कशीबशी टेकते. चौथी सीट मागितली की बायका सरकतात, तो अलिखित नियम आहे. मी मागितली की वर बघतात, मग कमरेकडे बघतात, आणि कुणीच सरकत नाही. मी आता मागतच नाही, दारापाशी उभी राहते. उतरल्यावर स्टेशनबाहेर दोन वडापाव घेते, पण तिथे उभं राहून खात नाही. पिशवीत टाकते आणि घराच्या जिन्यात, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये खाते. हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

मोगरा
@चौथी_सीट, तुमच्यासाठी एक मोठी मिठी. मी कल्याणहून असते. दिसलात तर मी सरकणार.

स्टेथो
मी फिजिशियन आहे, नाशिकला. @पक्का_सोलापुरी, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मधुमेहातला धोका तुम्ही सांगता तसाच आहे, तो कमी करून सांगण्यात अर्थ नाही. पण "मनाला लागल्याशिवाय माणूस हलत नाही" हे तपासलं गेलंय, आणि निकाल उलटा आला.

२०११ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही स्त्रियांना जाड माणसांची टिंगल करणारी चित्रफीत दाखवली, काहींना साधी. नंतर समोर खाऊचे वाडगे ठेवले. जास्त वजनाच्या ज्या स्त्रियांनी टिंगल पाहिली, त्यांनी साधी चित्रफीत पाहणाऱ्या तितक्याच वजनाच्या स्त्रियांपेक्षा तिपटीहून जास्त उष्मांक खाल्ले. टिंगल त्यांची स्वतःची नव्हती, पडद्यावरच्या परक्या माणसांची होती, तरी.

त्याआधी २००६ मध्ये रिबेका पूल आणि केली ब्राउनेल यांनी जास्त वजनाच्या २४०० हून अधिक स्त्रियांना विचारलं होतं, वजनावरून तुम्हाला कोण बोलतं? पहिला क्रमांक घरच्यांचा. दुसरा आम्हा डॉक्टरांचा. आणि अशा बोलण्यानंतर काय करता, यावर ७९ टक्के स्त्रियांनी सांगितलं की जास्त खाल्लं जातं, आणि एकदा नव्हे, अनेकदा. रानजाई ताईंची वही आणि हा आकडा एकच गोष्ट सांगतात.

पन्नाशीपुढच्या सहा हजारांवर अमेरिकनांचा चार वर्षं मागोवा घेतलेला आणखी एक अभ्यास २०१३ चा आहे. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांना वजनावरून वाईट वागणूक मिळाली होती, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीचपट निघाली. बोलून वजन उतरत असतं तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते.

आणि गुडघ्याबद्दल. गुडघा न तपासता चिठ्ठी लिहिणं ही वैद्यकीय चूक आहे. वजन असलेल्या बाईचा गुडघा लिगामेंट फाटूनही दुखू शकतो. असंच रक्तदाबाचं. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा खोटा वाढीव येतो. मोठा पट्टा मागून घ्या, तो मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

इतिहासवेडा
स्टेथो यांच्या प्रतिसादाला जोडून. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण, धडधाकट पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धानंतर उपाशी युरोपला जेवण कसं सुरू करायचं, ते शोधण्यासाठी. सगळे स्वयंसेवक होते, युद्धाला नैतिक विरोध असलेले, म्हणजे निश्चयाचे पक्के. काही आठवड्यांतच त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटातलं अन्न तासन्‌तास चिवडायचे. आणि पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर काही जण पोट तट्ट फुगलं तरी थांबू शकत नव्हते.

हे पुरुष जाड नव्हते, कुणी त्यांना हिणवत नव्हतं. नुसत्या उपासमारीने हे झालं. दिवसभर काकडीवर काढणाऱ्या बाईला रात्री "तुझ्यात संयम नाही" म्हणणाऱ्याने हा प्रयोग आधी वाचावा.

शेवंता_कोल्हापूर
उपासमारीवरून. आमच्याकडे उपवासाची सोय आहे. संकष्टी, गुरुवार, एकादशी, श्रावणातले सोमवार, नवरात्र. मी पंचविशीपासून देवासाठी कमी आणि वजनासाठी जास्त उपवास केले. घरात कुणी टोकत नाही, उलट कौतुक होतं. दिवसभर पाण्यावर, आणि चंद्रोदयाला ताट वाढलं की मी थांबतच नाही. ताट संपलं तरी मोदक, मग डब्यातले उरलेले मोदक, मग पहाटे उठून नैवेद्यातले. सासूबाईंच्या लक्षात आलं तेव्हा म्हणाल्या, "भस्म्या झालाय का गं?" जावांसमोर. पुढच्या संकष्टीला मी निर्जळी केला.

देव सोडा असं मी कुणाला म्हणणार नाही, मी सोडलेला नाही. पण आता संकष्टीला दुपारी भगर-आमटी पोटभर खाते. गणपतीला चालतं.

स्टेथो
@शेवंता_कोल्हापूर, पुढच्या संकष्टीला निर्जळी, यातच सगळं आलं. बोलणं, लाज, आणखी कडक उपास, आणखी मोठा झटका. रुग्ण हेच सांगतात, फक्त सणाचं नाव बदलतं.

तिरफळ
म्हापशाहून. आमच्याकडे आणखी एक तऱ्हा. ताटात आग्रहाने वाढणारी आणि नंतर हिणवणारी बाई एकच. "घे गो आणखी, सुंगटाची कढी कधी मिळतली तुका तिकडे?" आणि हात धुवायला गेलं की मागून, "कितें जालां हें अंग!" नको म्हटलं तर आढ्यता, घेतलं तर अधाशी. लग्न ठरवताना तर कळस. मुलगा माझ्यापेक्षा जाड, आणि त्याची आई माझ्या आईला सांगते, सहा महिन्यांत कमी केलं तर पुढचं बोलू. जाड मुलाला 'भरदार' म्हणतात आणि मुलीला सहा महिने देतात. मी नकार कळवला. आई अजून रागावलेली आहे.

आप्पा_धुळे
सर्व लेकींना आशीर्वाद. प्रामाणिकपणे विचारतो, राग नसावा. आमच्या काळी असले आजार ऐकले नव्हते. जिभेवर ताबा नसणं याला आता इंग्रजी नाव दिलंय, असं तर नाही ना? मी स्वतः गोडाचा शौकीन, चार पुरणपोळ्या सहज जायच्या.

मनमोकळी
मी समुपदेशक आहे, याच क्षेत्रात काम करते. आप्पा, विचारलंत ते चांगलं केलंत, बहुतेक घरांत हाच प्रश्न मनात असतो.

आजार जुना आहे. अल्बर्ट स्टंकर्ड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९५९ मध्येच लठ्ठ रुग्णांमधलं हे खाणं लिहून ठेवलं होतं. स्वतंत्र निदान म्हणून मानसोपचाराच्या अमेरिकन नियमावलीत त्याला जागा मिळाली २०१३ मध्ये, आणि आता जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे. मधली चोपन्न वर्षं या बायकांना नुसते आहाराचे तक्ते मिळाले.

तुमच्या चार पुरणपोळ्या म्हणजे हा आजार नाही. तुम्ही सगळ्यांबरोबर बसून, चवीने, हसत खाल्ल्या आणि वामकुक्षी केलीत. बिंजमध्ये ताबा सुटल्याची भावना असते, ती सगळ्यात महत्त्वाची. मग भूक नसताना खाणं, भराभर खाणं, पोट दुखेपर्यंत खाणं, लाजेने एकटीने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस येणं. यातली किमान तीन लक्षणं, आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने, असं साधारण धरतात. खाल्लेलं उलटून काढणं किंवा बेसुमार व्यायाम हे नियमाने होत असेल तर तो वेगळा आजार, बुलिमिया.

दोन गोष्टी अजून, कारण गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. वजन जास्त असलेली प्रत्येक बाई बिंज करत नाही. बहुसंख्य करत नाहीत. थायरॉईड, पीसीओएस, अनुवंश, झोप, औषधं, बैठं काम, कारणं पुष्कळ आहेत. आणि बिंज करणारी प्रत्येक व्यक्ती जाड नसते. पण जाड असली की तिच्या बाबतीत कुणी हा प्रश्नच विचारत नाही. हाडं दिसणारी मुलगी जेवत नाही म्हटल्यावर घर घाबरतं. जाड मुलगी दिवसभर जेवली नाही तर घर म्हणतं, चला, मनावर घेतलं एकदाचं.

आप्पा_धुळे
शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. घरी एक नात आहे. लक्ष ठेवेन, तोंड उघडणार नाही.

मनमोकळी
आप्पा, तोंड उघडा, पण तिच्या शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल. आणि जेवायला तिच्या शेजारी बसा.

कुंदा_काकू
+१. फार चांगला धागा.

न्यूजर्सीकर
इकडून लिहितेय. दर दोन वर्षांनी भारतात येते. विमानतळावर न्यायला आलेले सगळे पहिल्या वाक्यात वजनाचा निकाल देतात. "मानवलीय अमेरिका." येण्याआधी महिनाभर मी जेवण अर्धं करते आणि परतल्यावरचा महिना सगळा बिंजमध्ये जातो. इथे लोक तोंडावर बोलत नाहीत, पण कमी मानतात असंही नाही. मुलाखतीला गेले की समोरच्याची नजर खुर्चीकडे जाते.

बाकी, वजन उतरवायच्या इंजेक्शनांबद्दल कुणीच बोललं नाही अजून? इथे ऑफिसात निम्म्या लोकांचं तेच चाललंय.

वांगीभात
हो, आता आपल्याकडेही आलीत ना? माझ्या जाऊबाई घेतायत. भूकच लागत नाही म्हणतात. बिंजवर चालतं का ते?

स्टेथो
टिर्झेपटाईड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाईड जूनमध्ये. चांगली औषधं आहेत, योग्य रुग्णाला मीही देतो. काही जण सांगतात की डोक्यात सतत चाललेला खाण्याचा विचार शांत होतो. पण बिंजसाठी म्हणून त्यांना मान्यता नाही. आणि ती लिहिणाऱ्याने आधी खाण्याचा इतिहास विचारायलाच हवा. औषध थांबवल्यावर भूक परत येते, वजनही बहुतेकांचं परत येतं, आणि मागचं दुखणं तसंच राहिलं असेल तर बिंजही परत येऊ शकतं. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर, ऑनलाइन, पार्लरमध्ये कृपा करून घेऊ नका. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी लिहीन.

निरंजन_के
पुरुषांनाही होतं हे, एवढंच सांगायला लॉगिन केलं. मला आहे. मित्रांत ते 'खादाडपणा' म्हणून खपून जातं, पैजा लावतात माझ्यावर. पैज जिंकून घरी येतो आणि रात्री पुन्हा खातो, एकटाच.

मनमोकळी
निरंजन, बरं झालं लिहिलंत. अमेरिकेतल्या २००७ च्या मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी बिंजचा आजार झालेल्या स्त्रिया ३.५ टक्के आणि पुरुष २ टक्के निघाले. खाण्याच्या इतर आजारांपेक्षा पुरुषांचा वाटा इथे खूपच मोठा आहे. उपचार तेच आहेत, आणि लागू पडतात.

पक्का_सोलापुरी
सगळं वाचलं. कीज यांचा प्रयोग माहीत नव्हता. तरी माझा मुद्दा पूर्ण सुटला नाही. माझ्या बहिणीचं वजन वाढतंय, घराण्यात साखर आहे. गप्प बसून वडिलांचं काय झालं ते मी पाहिलंय. बोलायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही, तर करायचं काय? डॉक्टर, तुम्ही रुग्णाला कसं सांगता?

स्टेथो
अगदी योग्य प्रश्न. मी आधी परवानगी घेतो: "वजनाबद्दल आज बोललं तर चालेल का?" नाही म्हणाली तर ज्यासाठी आली ते आधी बघतो. वजनकाटा बाहेरच्या बाकांसमोर होता, तो आत, पडद्यामागे आणला. पूर्वी नर्स आकडा मोठ्याने सांगायच्या, आता कागदावर लिहितात. आणि मी आकाराबद्दल न बोलता साखर, झोप, दम, गुडघा यांबद्दल बोलतो. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ झाला तरी लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याला साखर कमी वजनातही गाठते. त्यामुळे तपासणी लवकर हवी, हे तुमचं अगदी बरोबर. शरीराच्या वजनातले पाच टक्के जरी उतरले तरी साखरेत फरक दिसतो.

तुम्ही बहिणीला म्हणा, "बाबांचं झालं ते माझ्या मनातून जात नाही. मी माझी साखर तपासायला चाललोय, तू येतेस का?" आणि खरंच स्वतःची तपासा. तिच्या ताटाबद्दल एक अक्षर नको.

पक्का_सोलापुरी
हे जमेल. आभार.

अबोली_७९
सवडीने लिहिते म्हटलं होतं. धागा मूळ प्रश्नापासून बराच लांब गेलाय, परत आणते. रानजाई, मी हे घरात केलंय. जमलं, पण अर्धंच.

मी आजाराचं नाव सांगितलं होतं, आणि ते मला महागात पडलं. आठवडाभरात सगळ्या नात्यात गेलं. "तिला खाण्याचा आजार आहे" म्हणून मंगळागौरीला माझ्या हातातली वाटी काढून घेतली, काळजीने! तेव्हा माझं मत, नाव फक्त एखाद्या जवळच्या माणसाला सांग. बाकीच्यांना कारण न देता फक्त मागणं सांग. मी आता सगळ्यांना एकच वाक्य म्हणते: "माझ्या ताटाबद्दल आणि अंगाबद्दल बोलायचं नाही, बाकी काहीही बोला." पहिल्यांदा शांतता पसरते. दुसऱ्यांदा कुणीतरी चिडतं. तिसऱ्यांदा दुसरं कुणीतरी माझ्या वतीने म्हणतं, "अगं, तिला नाही आवडत ते." तिथून सोपं जातं.

आणि लग्नाच्या दिवशी सकाळी नाश्ता कर. नीट, बसून, सगळ्यांसमोर. रात्रीच्या जेवणासाठी पोट राखून ठेवू नकोस.

मनमोकळी
अबोलीच्या नाश्त्याला जोरदार दुजोरा. बिंजच्या उपचाराची पायाभरणीच ती आहे: तीन जेवणं, मधे दोनतीनदा थोडं काही, आणि तीनचार तासांहून जास्त पोट रिकामं नाही. वजन उतरवायचे प्रयत्न तोवर बाजूला ठेवायचे. हे ऐकून बायका घाबरतात, आणखी जाड होऊ म्हणून. ब्रिटनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट लिहिलंय की या उपचाराचं लक्ष्य बिंज थांबवणं आहे, वजन उतरवणं नाही, आणि रुग्णाला हे आधीच सांगावं.

नाव सांगण्याबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं. आईला सांगावं. जमवलेल्या गोतावळ्यात नको, एकटीला, लग्नाच्या बऱ्याच आधी. ती तयार झाली तर मावश्यांना तीच आवरेल. तुम्ही चौघींशी चार दिवस भांडण्यापेक्षा ते बरं.

तिरफळ
आई तयार झाली नाही तर? सगळ्या आया होत नाहीत.

मनमोकळी
खरं आहे. मग एखादा भाऊ, वहिनी, नवरा. पंगतीत शेजारी बसायला आपलं एक माणूस हवं, एवढंच. आणि "मी जरा बाहेर जाऊन येते" म्हणून उठायची मुभा स्वतःला आधीच देऊन ठेवायची.

मोगरा
नाहीतर मला न्या. जिलबीवर कुणी बोललं की मी त्यांच्या सुनेच्या सरकारी नोकरीचं काय झालं ते विचारते, जिलबीचा विषय तिथेच संपतो. :)

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. मोगरा, पत्रिका पाठवते.

काल आईला फोन केला. आधी लिहून काढलं होतं. रात्रीचं खाणं सांगितलं, पाकिटं लपवण्याचंही. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी तुझ्याशी बोलू काय?" तिने खरंच विचारलं ते. एवढ्या वर्षांत आमचं निम्मं बोलणं माझ्या वजनाबद्दल होतं. तिची आई तिच्याशी तशीच बोलायची, तिची सासूही. काळजी दाखवायची दुसरी रीत तिच्या हाती कुणी दिलीच नाही. मी म्हटलं, माझ्या ऑफिसातल्या भांडणाबद्दल विचार, तुझ्या भिशीचं सांग. मग तिने भिशीचं सांगितलं, पाऊण तास.

जिलबीबद्दल बोलणार नाही म्हणाली. मावश्यांची खात्री देत नाही म्हणाली. फोटोत मी पुढे उभी राहणार हे मात्र मी तिला सांगून टाकलं. आत्याबाईंसाठी अबोलीचं वाक्य पाठ करतेय. नवऱ्यालाही सगळं सांगितलंय, पंगतीत तो शेजारी असेल.

बिंज थांबलंय का? नाही. कमी झालंय. गेल्या आठवड्यात झालं, तेही वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता केला. डॉक्टर म्हणाल्या, तो नाश्ता सगळ्यात महत्त्वाचा.

शेवंता_कोल्हापूर
रानजाई, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

एक विचारायचं होतं. मोठ्या शहरात तज्ज्ञ मिळतात. आमच्यासारख्यांनी कुठे जायचं? फी परवडत नाही, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या दारात दिसलं की गावभर होतं.

मनमोकळी
सुरुवात फोनने करा. टेली-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घराबाहेर पडावं लागत नाही. पुढे पाठवायची गरज वाटली तर जवळची जागा तेच सांगतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, केसपेपरच्या पैशांत तपासतात. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला सांगितलंय, पॉलिसी काढून बघा.

पहिल्या भेटीत "वजन कमी करायचंय" असं सांगू नका, नाहीतर पुन्हा तक्ता हातात पडेल. सांगा, "माझा खाण्यावरचा ताबा सुटतो, मी लपून खाते, नंतर स्वतःची किळस येते." समोरच्याने यावर पुढचा प्रश्न विचारला तर तिथे थांबा. वजनकाट्याकडे बोट दाखवलं तर दुसरा डॉक्टर शोधा.

चौथी_सीट
नंबर लिहून घेतला. आज दुपारी डब्यातलं स्टाफरूममध्ये बसून खाल्लं, सगळ्यांबरोबर. उद्या फोन करते.